‘बाहेर’ म्हणजे कुठे?

मलविसर्जनाचे सरळ नाव घेणे मराठीत शिष्टसंमत नाही, म्हणून आपण दिशा सांगून वेळ निभावतो. माणूस परसाकडे जातो, बाहेरला जातो, बहिर्दिशेला जातो. जरा लेखी भाषेत बोलायचे झाले तर शौचास जातो. यांतला शेवटचा शब्द सर्वांत विलक्षण, कारण शौच म्हणजे शुद्धता. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या पाच नियमांत शौच पहिले. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्व, अदंभित्व, अहिंसा यांच्याच पंक्तीला शौच बसवलेले आहे. एवढ्या मोठ्या कुळातला शब्द टमरेल घेऊन वाट चालू लागला, तो का, याचा विचार केला की आपल्या सवयींच्या मुळाशी असलेले एक तत्त्वज्ञान हाती लागते. ‘शौच’ या शब्दाचे लक्ष जाणाऱ्याकडे असते: तो हलका होऊन, हातपाय धुऊन, शुद्ध होऊन परत येतो. ‘बाहेर’ या शब्दाचा संबंध टाकलेल्या वस्तूशी, पण तोही तिच्याकडे पाठ फिरवण्यापुरताच. ती बाहेर गेली, विषय संपला. त्या बाहेरच्या जागी कोण राहते, तिथले पाणी कोण पिते, हे विचारायला दोन्ही शब्दांत जागा नाही. किनारपट्टीवरच्या गरीब वस्त्यांत स्वच्छतेची सवय कशी रुजवावी, याकडे आपण संडास मोजण्याचे सरकारी काम म्हणून पाहतो. मला तो आधी या न विचारलेल्या प्रश्नाचा, म्हणजेच धर्मविचाराचा विषय वाटतो.

किनाऱ्यावर ‘बाहेर’ म्हणजे समुद्र. देशावरच्या गावाला रान असते, ओढ्याकाठ असतो. कोळीवाड्यात घराला घर लागलेले, परसू नावाची वस्तूच नाही. मोकळी जागा एकच, ओहोटीने उघडी पडलेली वाळू. पाणी हाताशी असते, आडोशाला खडक किंवा ओढून ठेवलेली होडी असते, आणि दिवसातून दोनदा भरती येऊन सगळे धुऊन नेते. काही न बांधता, पै न मोजता मिळालेल्या या व्यवस्थेला अडाणीपणा म्हणणाऱ्याने आपल्या घरातली फ्लशची साखळी ओढताना आपण वेगळे काय करतो हे एकदा पाहावे. शिवाय तिला श्रद्धेचा टेकू आहे. नारळी पौर्णिमेला ज्याला नारळ वाहायचा, ज्याच्या पोटात अस्थी सोडायच्या, तो समुद्र विटाळेल कसा? पुरीला तर समुद्रालाच महोदधी म्हणून तीर्थाचा मान आहे. साऱ्या नद्या पोटात घेऊनही जो मर्यादा सोडत नाही, त्याला माणसाच्या ओंजळभर मळाचे काय? ही समजूत निखालस खोटीही नाही. ऊन आणि खारे पाणी पुष्कळ जंतू मारतात, खोल पाण्यात उरलेले विरळ होतात.

पण भरती म्हणजे खोल समुद्र नव्हे. गुडघाभर पाणी पुढे येते, मागे सरते आणि नेलेल्यातले बरेचसे पुन्हा त्याच पुळणीवर आणून ठेवते. त्याच वाळूत पोरे खेळतात, होड्या ओढल्या जातात, जवळा वाळत पडतो. तिसऱ्या आणि कालवे तर पाणी गाळूनच जगतात. त्यांच्या अंगातून दिवसभरात कितीतरी पाणी जाते आणि त्यातले जंतू मात्र आत साठत राहतात. ओहोटीला बायका तीच वेचून, फोडून घरी आणतात. काविळीचे विषाणू असे फिरून ताटात येऊ शकतात. पटकीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. पटकीचा जंतू मूळचा खाडीमुखाच्या मचूळ पाण्यात राहणारा, पाण्यातल्या अतिसूक्ष्म कवचधारी जिवांना चिकटून जगणारा, हे रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालच्या उपसागरालगतच्या अभ्यासातून दाखवून दिले. म्हणजे ज्या पाण्याला आपण सगळे शुद्ध करून टाकणारे समजतो, ते या जंतूचे माहेर आहे. त्याच संशोधकांनी बांगलादेशातल्या मतलब भागात जुनी साडी चार पदरी दुमडून तिच्यातून पाणी गाळायला शिकवले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. गंमत अशी की वस्त्रगाळ पाणी प्यावे हा दंडक मनुस्मृतीत संन्याशासाठी आहे आणि जैन घरांत तर तो रोजचा आचार आहे. त्यामागचे कारण रोगाची भीती हे नव्हते. पाण्यातला जीव आपल्या हातून मरू नये, हे होते. दुसऱ्याला जपण्यासाठी केलेल्या आचाराने स्वतःचे आरोग्य राखले गेले. या उदाहरणाकडे मी पुन्हा येणार आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आपल्या पूर्वजांनी शौचाचे केवढे काटेकोर नियम घातले होते. पाण्यात, वाटेवर, नांगरलेल्या शेतात विसर्जन करू नये, घरापासून दूर जावे, माती लावून हात धुवावेत, असे स्मृतींत सांगितलेच आहे, मग परंपरेला दोष कशाला? सांगितले आहे हे खरे, आणि पाण्यात विसर्जनाची मनाई पाहता पुळणीवरची सवय शास्त्रसंमत नाही हेही खरे. पण त्याच नियमांचा पुढचा भाग वाचावा. मनुस्मृती मातीचे लेप मोजून देते: गुदाला तीन, एका हाताला दहा, दोन्ही हातांना मिळून सात. हे गृहस्थाला. ब्रह्मचाऱ्याला याच्या दुप्पट, वानप्रस्थाला तिप्पट, संन्याशाला चौपट. संन्याशाच्या हातावर गृहस्थाच्या चौपट जंतू असतात असे कोणी म्हणणार नाही. हे गणित हाताच्या मळाचे नाही, माणसाच्या पायरीचे आहे. शुचितेच्या कल्पनेत ‘काय लागले’ यापेक्षा ‘कोणाला लागले’ हे मोठे ठरते, आणि एकदा ते मोठे ठरले की ‘कोणाचे लागले’ हा पुढचा प्रश्न फार लांब राहत नाही. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा कोकणातच आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळीत घेतले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळे ‘शुद्ध’ केले, ते एकशे आठ घागरी पंचगव्य मंत्रघोषात त्यात ओतून. पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र मिसळल्याने ते स्वच्छ होत नाही, घाण होते, हे ओतणाऱ्यांनाही डोळ्यांनी दिसत असणार. तरीही ते शुद्ध झाले. शुद्धी आणि स्वच्छता या दोन गोष्टी नुसत्या वेगळ्या नाहीत, त्या एकमेकींच्या उलट दिशेने चालू शकतात, हे दाखवायला एवढी एक घटना पुरी आहे.

आता प्रचाराकडे पाहू. डायेन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी ‘व्हेअर इंडिया गोज’ या २०१७ च्या पुस्तकात एक अवघड गोष्ट मांडली. त्यांच्या गटाने उत्तरेकडच्या पाच राज्यांत केलेल्या पाहणीत, वापरण्याजोगा संडास असलेल्या घरांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक घरांतले किमान एक माणूस तरी उघड्यावर जात होते. कारण विचारले तर मोकळी हवा, फेरफटका, आरोग्य. आणि या सगळ्याखाली दबलेली भीती एकच, की खड्डा भरेल आणि मग तो उपसणार कोण? दोन खड्ड्यांच्या संडासात एक भरला की बंद करायचा आणि दुसरा वापरायचा. वर्ष-दीड वर्षात पहिल्यातल्या मळाची वास नसलेली, हाताळता येणारी माती होते. मराठीत तिला फार सुंदर शब्द आहे, सोनखत. पण ते सोने उचलायला घरातला माणूस तयार होत नाही, आणि ज्या जातीवर पिढ्यानपिढ्या हे काम लादले, तिने ते आता का करावे? म्हणून माणसे एक तर कधीच भरणार नाही एवढा अवाढव्य खड्डा बांधतात, नाहीतर बांधलेला जपून ठेवतात आणि बाहेर जातात. ही पाहणी महाराष्ट्रातली नव्हती, तेव्हा तिचे आकडे जसेच्या तसे कोकणाला लावणे बरोबर नाही. किनाऱ्याजवळचा पुरावा हवा तर ओडिशातल्या पुरी जिल्ह्याचा घ्यावा. तिथल्या शंभर गावांत झालेला प्रयोग २०१४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. मोहीम राबवलेल्या गावांत संडास असलेल्या घरांचे प्रमाण सरासरी नऊ टक्क्यांवरून त्रेसष्ट टक्क्यांवर गेले, आणि मुलांच्या जुलाबात, जंतांत, वाढीत काहीही फरक आढळला नाही. संडास बांधून झाले होते, वापर अर्धामुर्धा होता, आणि मळ कुठे जातो हा प्रश्न होता तिथेच होता.

सवय बदलत नाही असे दिसले की लाजेचा आधार घेतला जातो. २००० सालच्या आसपास बांगलादेशात कमल कार यांनी सुरू केलेल्या लोकसहभागाच्या पद्धतीत गावकऱ्यांना हागणदारीतूनच फिरवून आणत, आपण एकमेकांचा मळ खातो हे त्यांना उमजेपर्यंत. त्यात निदान सारे गाव एकाच वेळी, एकाच घाणीत उभे असे. आपल्याकडे येता येता त्याचे गुड मॉर्निंग पथक झाले: पहाटे शिट्ट्या, हातात गुलाब, मग दंडाची पावती. (हागणदारी हा शब्द ज्यांनी घरात कधी उच्चारला नसेल त्यांनी तो गावोगावच्या फलकांवर ‘मुक्त’ लावून झळकवला, एवढा एक भाषिक लाभ या मोहिमेच्या खाती नक्की आहे.) भिंतींवर लेकीसुनांच्या अब्रूच्या घोषणा रंगल्या. यावर म्हटले जाते की लाज कठोर असेल, पण परिणाम करते, आणि तान्ह्या मुलांच्या जिवापुढे मोठ्यांच्या मानापमानाचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप हलका नाही. जुलाबाने मरणाऱ्या मुलाचे पारडे कोणत्याही स्वाभिमानापेक्षा जड आहे. पण लाज नेमके काय करते ते पाहा. तिला बघणारा लागतो. बघणारा नसला की ती नसते. म्हणून माणसे पहाटे चारऐवजी तीनला उठतात, बायका दिवसभर पाणी कमी पितात. लाज झाकायला शिकवते, विल्हेवाट लावायला शिकवत नाही. शिवाय ती समान वाटली जात नाही. ज्याला भिंत आहे त्याला लाज वाटायचे कारणच उरत नाही, मग त्याच्या भिंतीआडून निघालेली नळी थेट खाडीत का जाईना. आणि लाजेच्या हाती काठी आली की काय होते, तेही आपण पाहिले आहे. २५ सप्टेंबर २०१९ रोजी मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातल्या भावखेडी गावात उघड्यावर शौचाला बसल्याच्या कारणावरून दोन दलित मुलांना मारहाण करून ठार केले गेले. आठवड्याभरात, २ ऑक्टोबरला, ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. शुचितेच्या भावनेला हाक मारून स्वच्छता आणू पाहणाऱ्याने तिच्यामागून तिची जुनी उतरंडही येणार हे धरून चालावे.

दुसऱ्या बाजूने म्हणणारे म्हणतील की हे सगळे धर्मकारण बाजूला ठेवा, प्रश्न गरिबीचा आहे. घर नाही, जागा नाही, पाणी नाही, तर संडास कुठे बांधणार? यात बरेच तथ्य आहे, किनाऱ्यावर तर अधिक. १९९१ पासून भरतीरेषेलगतच्या पाचशे मीटरांच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आले, आणि कोळीवाडे त्याच पट्ट्यात पिढ्यानपिढ्या वसलेले. पण गरिबी हे पूर्ण उत्तर असते तर बांगलादेश आपल्या मागे असायला हवा होता. २०११ च्या जनगणनेत भारतातली जवळपास निम्मी कुटुंबे उघड्यावर जात होती. तुलनेने गरीब, दाट वस्तीच्या, पाण्याने वेढलेल्या बांगलादेशात २०१५ च्या सुमारास हे प्रमाण एखाद्या टक्क्यावर आले होते. तिथेही तळ्यावर, ओढ्यावर लटकते संडास होते, म्हणजे आडोसा मिळाला तरी मळ पाण्यातच, तेव्हा तो देश आदर्श म्हणून मखरात बसवू नये. तरीही गरीब माणूस ही सवय बदलू शकतो एवढे त्यावरून सिद्ध होते. गरिबीच्या युक्तिवादातला खरोखर टोचणारा भाग वेगळाच आहे, आणि तो वस्तीतला माणूसच विचारू शकतो: आम्ही बसतो ते दिसते, तुमचे कुठे जाते? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते आणि प्रक्रिया होते ती २०,२३५ दशलक्ष लिटरांवर. मुंबईत वरळी आणि वांद्रे इथून तीन किलोमीटरांहून लांब बोगद्यांतून सांडपाणी समुद्रात सोडले जाते. शहराचे ‘बाहेर’ही समुद्रच आहे. फरक फक्त नळाच्या लांबीचा. मासेमारी करणाऱ्याच्या जाळ्यात दोघांचेही येते. म्हणून कोळ्याला ‘समुद्र घाण करू नकोस’ असे सांगायला जाणाऱ्या शहरी माणसाचा आवाज जरा खालच्या पट्टीत असावा. मात्र मोठ्या अपराध्याकडे बोट दाखवल्याने लहान मुलाचे जुलाब थांबत नाहीत. शहराचे पाप वस्तीच्या खात्यावर पुण्य म्हणून जमा होत नाही.

मग धर्माची भाषा टाकूनच द्यावी का? मला तसे वाटत नाही, आणि टाकायची म्हटली तरी टाकता येईल असेही नाही. ज्या माणसाचा दिवस दर्याला नमस्कार करून सुरू होतो, त्याच्याशी नुसत्या जंतूंच्या भाषेत बोलणे म्हणजे अर्ध्याच माणसाशी बोलणे. प्रश्न कोणता शब्द उचलायचा, हा आहे. गीतेतल्या त्या यादीत शौच एकटे येत नाही. त्याच्या आधी अमानित्व आणि अहिंसा येतात. सोवळ्याने शौच तेवढे उचलून घेतले आणि शेजारचे दोघे मागे ठेवले. वस्त्रगाळ पाण्यामागची दृष्टी उलट होती: माझ्या कृतीने दुसऱ्या जिवाचे काय होते, हे आधी. तीच दृष्टी शरीरातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींना लावली, तर मळ ही माझ्या शुद्धीतली अडचण राहत नाही, ती माझी सांभाळायची वस्तू होते. जोवर ती निरुपद्रवी होत नाही तोवर मी तिच्यापासून मोकळा होत नाही. हे कोकणात कोणी जगून दाखवले नाही असे नाही. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले. ते काम जात पाहून दिले जाई, म्हणून त्यांना नाकारले गेले. त्यांनी अन्न तोडले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी ३ डिसेंबरला उपवास सुरू केला. उपासतापासाला आपल्याकडे तोटा नाही, पण संडास साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेला उपास हे शुचितेच्या इतिहासातले अगदी उलटे पान आहे. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मळाचे खत करणाऱ्या संडासाचा प्रयोग चालवला. ‘बाहेर’ त्यांनी पुन्हा आवारात आणले. गाडगेबाबांचेही तेच. गावात शिरताच आधी खराटा, कीर्तन रात्री. झाडणे ही कीर्तनाची तयारी होती असे समजणाऱ्यांना बाबा कळले नाहीत. दिवसभर झाडले नसते तर रात्री बोलायला त्यांच्यापाशी अधिकार उरला नसता. २००० साली त्यांच्या नावाने राज्याने ग्रामस्वच्छतेची स्पर्धा सुरू केली आणि गावांनी बक्षिसाच्या तपासणीपूर्वी झाडून काढायला सुरुवात केली, हा त्या नावावर झालेला थोडा अन्यायच.

हा विचार किनाऱ्यावर उतरवायचा तर तो फार लवकर गवंड्याच्या आणि टँकरवाल्याच्या हाती जातो, आणि तसा तो गेलाही पाहिजे. देशावर चालणारा शोषखड्डा किनाऱ्यावर तसाच खणला तर हाता-दोन हातांवर पाणी लागते. पावसाळ्यात खड्डाच विहिरीसारखा भरतो. वाळू आणि कोकणातला भोकाभोकांचा जांभा दोन्ही पाणी झिरपू देतात, म्हणजे खड्ड्यातले शेजारच्या विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. अशा जागी जोते उंच घ्यावे लागते, टाकीला तळ आणि भिंती पक्क्या लागतात, आणि पक्की टाकी भरतेच. म्हणजे उपसण्याचा प्रश्न, जो जातीच्या आठवणीमुळे कोणालाच नको असतो, तो इथे कोणत्याही युक्तीने टळत नाही. २०१३ च्या कायद्याने माणसाला हाताने मैला उपसायला लावणे गुन्हा ठरवले आहे, तेव्हा यंत्र आले. पण यंत्राने उपसलेले रात्री खाडीत सोडून दिले, तर पुन्हा आपण पुळणीवरच. यावर चाललेला एक उपाय महाराष्ट्रातच, मात्र किनाऱ्यापासून दूर, वाईला पाहायला मिळतो. कृष्णेच्या घाटांमुळे दक्षिणकाशी म्हणवणाऱ्या या गावाने टाकी तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या पाळीने उपसायचे ठरवले आणि गाळासाठी वेगळे प्रक्रिया केंद्र उभे केले. पाळीत मोठ्याचे घर आणि लहानाचे घर एका रांगेत येते, कोणाला तक्रार करावी लागत नाही, कोणाला लाजावे लागत नाही, आणि टँकर कुठे रिकामा होतो हे नोंदवहीत लिहिलेले असते. किनारपट्टीवरच्या एखाद्या ग्रामपंचायतीने अशी पाळी लावायची ठरवली तर पहिल्याच सभेत विचारले जाईल, की केंद्र कोणाच्या जागेत, कोणत्या वाडीच्या बाजूला, आणि कोणाच्या घराच्या वाऱ्याला. त्या वादात ‘बाहेर’ या शब्दाला गावात प्रथमच पत्ता लागेल.